माणसाचा रकाना

बीकेसीतल्या काचेच्या इमारतीत, टोकन एकशे सेहेचाळीस.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, चार बोटं ठेवा. दाबा.
हिरवा दिवा लागेना.
रुमालाने पुसा. पुन्हा. आता अंगठा.
तिच्या पडद्यावर माझी बोटं
धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखी कोरी.

एकतीस वर्षं मुलुंडच्या जकात नाक्यावर पावत्या फाडल्या, म्हटलं,
झिजली असतील.
ती हसली नाही. माझ्या मागे रांग होती.

स्वरूपा स्ट्रासबुर्गला राहते, ऱ्हाइनच्या काठी.
ट्रामने पूल ओलांडला की जर्मनी. तिकडे साबण स्वस्त.
येताना पिशवी कुणी उघडत नाही.
पहिल्या वर्षी फोनवर केवढी हरखली होती,
"बाबा, तुमचा नाकाच नाही इथे! नुसती एक निळी पाटी."
मी म्हटलं, दार नसलेल्या घराला धर्मशाळा म्हणतात.
"आणि नुसतं दारच असलेल्या घराला?"
मी फोन तिच्या आईकडे दिला.

मग दर रविवारी हेच.
मी म्हणायचो, देश म्हणजे शेवटी एक वही,
कोण आत, कोण बाहेर.
ती म्हणायची, वही कुणाच्या हातात?
मी म्हणायचो, भांडुपच्या आपल्या गावठाणात
आपल्याला विचारून आलं का कुणी?
टॉवर आले, माणसं आली, खाडीतली निवटी संपली.
ती म्हणायची, निवटी माणसांनी नाही संपवली, भरावाने संपवली.
भराव कुणी टाकला, ते मला माहीत होतं. त्या ट्रकांच्या पावत्या
मीच फाडल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यापासून पुलावर पोलीस चढतात ट्राममध्ये.
भरल्या डब्यात कागद मागतात तिला,
आणि एका सेनेगलच्या पोराला.
बाकीचे खिडकीतून नदी बघतात.
मला वाटलं, आता चिडेल.
ती म्हणाली, "तरी बाबा, थोडं आवरायला हवंच.
घरासाठी अडीच वर्षं यादीत आहोत आम्ही.
सगळ्यांना ठेवणार कुठे?"
माझंच वाक्य. आवाजाच्या चढासकट माझं.
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

मला तो ट्रक आठवला.
सत्त्याण्णव साल, रात्रीचे अडीच, धन्याची पोती.
परखी खुपसली आणि आतून कुणीतरी "अरे" म्हणालं.
ताडपत्री उचलली, तर सोळा-सतराचा पोरगा,
केसांत धने, बोटातून रक्त.
मी सवयीने वही उघडली.
गूळ, टायर, कपबशा, पितळ, काजू, धने,
सगळ्यांना दर, सगळ्यांना रकाना.
माणसाला नव्हता.
घोलपसाहेब खुर्चीतूनच ओरडले,
"त्याची कसली पावती फाडतोस? सोड."
सोडला. नियमात बसत नव्हता म्हणून सोडला,
मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही.
चहा तरी विचारला का, आठवत नाही.

सतरा साली जकात गेली.
आडवा बांबू कुणी नेला, देव जाणे.
गतिरोधक मात्र कुणी उखडला नाही.
रिकाम्या नाक्यापाशी ट्रक अजून हळू होतात,
मग काहीच नाही हे कळून पुढे जातात.

शेवटी ती मुलगी उठली, काउंटरच्या या बाजूला आली,
आणि माझा अंगठा स्वतःच्या हाताने काचेवर दाबून धरला.
तेव्हा आठवलं,
मीही त्या पोराचं बोट असंच दाबून धरलं होतं,
रक्त थांबेपर्यंत.

हिरवा लागला.
"जाण्याचं कारण?"
भांडण, मी म्हटलं. दर रविवारचं. या वेळी समोरासमोर.
"तसा रकाना नाहीये काका," ती म्हणाली,
"कुटुंबभेट टाकते."